साडेतीन घाव

खड्गसेन रविवारी दुपारी, चहा यायच्या थोडा आधी मारला गेला. मारणारा शत्रूही काही नाव घेण्यासारखा नव्हता. बोळात उभं असलेलं एक फालतू पिशाच्च, ज्याला सूत्रधाराने नावसुद्धा दिलेलं नव्हतं.

सूत्रधार म्हणजे अभय. खराडीतल्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासायचा, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा आणि वर त्याचा पगार घ्यायचा. पुण्यात हे काम लोक फुकट करतात, असं त्याचे नारायण पेठेतले सासरे नेहमी म्हणत. दर रविवारी दुपारी ‘निसर्गछाया’ सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये त्याचा खेळ चाले. सोसायटीत निसर्गही नव्हता आणि छायाही नव्हती, पण क्लबहाउस होतं, त्यात टेबल होतं आणि खेळासाठी ते मोफत मिळत असे. खेळ साधा. सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. लढाई झाली की फासे टाकायचे. जेवढे पडतील तेवढा घाव बसतो आणि तेवढा जीव कमी होतो. मोठ्या माणसांनी हे खेळावं का, असा प्रश्न सोसायटीत बऱ्याच जणांना पडायचा. तो प्रश्न ते लिफ्टमध्ये, अभयकडे न बघता, अभयला ऐकू जाईल असा विचारायचे.

खेळणारे तिघे. वरच्या मजल्यावरचे तात्याराव सोनवणे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर; खड्गसेन त्यांचा. दुसरे हिंमतराव. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी त्यांच्या घरचीच. त्यांच्या योद्ध्याचं नाव सर्जा, कारण त्यांच्या शर्यतीच्या बैलाचं नाव सर्जा होतं आणि त्याहून शूर कुणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. तिसरी अक्षता, शेजारच्या विंगमधली सीए. आठवडाभर लोकांचे हिशेब तपासून झाले की रविवारी ती एल्मिरा नावाची चेटकीण होऊन लोकांना जाळायची. कामाच्या मानाने हा बदल फार मोठा नाही, असं तिचं स्वतःचंच म्हणणं होतं.

त्या रविवारी तात्यारावांनी नेहमीप्रमाणे विचार करून निर्णय घेतला होता. ‘दोन फाशांत साधारण सात पडतात. माझ्याकडे अकरा जीव आहे. मी मागे हटत नाही.’ अभयने फासे टाकले. सहा आणि सहा.

‘मेला,’ अभय म्हणाला.

‘त्याची तलवार आता मला लागंल,’ हिंमतराव म्हणाले.

‘घ्या. चला, पुढे. बोळाच्या टोकाला एक दार आहे,’ अभय म्हणाला.

तात्यारावांनी पेनाचं टोपण लावलं, चष्मा डबीत घातला, चहा न घेता उठले आणि म्हणाले, ‘जातो.’

मराठी माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणायला एक तर अडाणी असावं लागतं नाही तर भयंकर दुखावलेलं. तात्याराव अडाणी नव्हते. पण अभय त्या वेळी दाराच्या वर्णनात गुंतला होता, म्हणून त्याच्या ते लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते बुधवारी, त्याच्या बायकोने, सोनालीने, वर पाठवलेला अळूवड्यांचा डबा परत आला तेव्हा.

डबा धुऊन, पुसून, रिकामा आला होता.

सोनालीने झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. पत्नी यमुनाबाई गेल्यानंतर एकट्या राहणाऱ्या तात्यारावांनी आजवर कधी दोन केळी, कधी शेंगदाण्याचा लाडू आणि एकदा तर चक्क कढीपत्त्याची एक काडी घालून डबा पाठवला होता.

‘काय केलंस तू काकांना?’ तिने विचारलं.

‘मी काही नाही केलं. फाशांनी केलं.’

‘मग जाऊन सॉरी म्हण.’

‘मी का म्हणू? सहा-सहा पडणं ही शुद्ध संभाव्यता आहे.’

‘मग संभाव्यतेला पाठव,’ सोनाली म्हणाली आणि डबा जरा जास्तच जोरात रॅकवर ठेवला.

अभयला वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं. रविवारी खेळाला निघताना त्याला वरून टीव्हीचा आवाज ऐकू आला. तात्याराव दुपारी टीव्ही लावणारे नव्हेत. त्या टेबलाभोवती तेच एक गृहस्थ अभयची वर्णनं शेवटपर्यंत ऐकायचे, आणि त्यांच्या आठवड्यात या एका दुपारखेरीज दुसरं काही नव्हतं, हेही त्याला माहीत होतं. त्यांना परत आणलं नाही तर खेळ चालेल, पण त्याला त्यात राम वाटणार नाही. मात्र सरळ जिना चढून ‘चुकलो’ म्हणण्यापेक्षा सबंध व्यवस्था बदलणं त्याला सोपं वाटलं. आयटीतल्या माणसाला दुसरं काही सुचतही नाही.

त्याने फासे बंद केले. खेळाच्या नियमांतच तशी सोय आहे. राक्षसाचा घाव फाशाने ठरवण्याऐवजी त्याची सरासरी धरायची. दोन फाशांचा घाव असेल तर सरळ सात. ना बारा, ना दोन. ज्याच्याकडे अकरा जीव आहे तो मरणार नाही, आणि शहाण्या माणसाचा हिशेब चुकणार नाही. अभय इतक्यावर थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण समता म्हणून त्याने तोच नियम खेळणाऱ्यांच्याही घावांना लावला, तो छापून काढला आणि एक प्रत घेऊन वर गेला.

तात्यारावांनी दार उघडलं. हॉलमध्ये बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि त्याखाली यमुनाबाईंचा फोटो. त्यापुढे ताजा मोगरा होता. अभयने उभ्या उभ्याच सांगितलं, ‘तात्याराव, आता फासे नाहीत. सगळं सरासरीने. आपल्यासारख्यांवर अन्याय होणार नाही.’

‘बरं,’ तात्याराव म्हणाले.

‘मग येताय ना रविवारी?’

‘बरं.’

पुण्यात ‘बरं’ या शब्दाचे जितके अर्थ आहेत तितके कोशातही नाहीत, आणि त्यांतला एकही ‘हो’ असा नाही. तात्याराव आले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा फक्त एक अंगठा आला, तोही दुसऱ्या दिवशी.

इकडे सरासरीने पहिल्याच रविवारी आपले रंग दाखवले. सर्जाची कुऱ्हाड एका फाशाची. एका फाशाची सरासरी साडेतीन. आता साडेतीन या आकड्याचं मराठी माणसाला वावडं नाही. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, शहाणेसुद्धा साडेतीनच. पण राक्षसाचा जीव साडेतीनने कमी कसा करायचा?

‘राउंड डाउन कर ना, सिम्पल आहे,’ अक्षता म्हणाली. ‘अर्धा खाली सोडायचा. तीन.’

हिंमतरावांनी चहाची बशी खाली ठेवली. ‘अर्धा खाली सोडायचा म्हंजे? ताई, या सोसायटीची मागली भिंत माझ्या अर्ध्या गुंठ्यावर हुबी हाय. तो बी असाच कुणीतरी खाली सोडला हुता. मी सोडत नसतो.’

‘मग वर घेऊ. चार,’ अभय म्हणाला.

‘मग राक्षसाचाही वर घ्यावा लागेल. कन्सिस्टन्सी,’ अक्षता म्हणाली.

‘राक्षसाचा कशाला? त्यो काय सोसायटीचा मेंबर हाय?’

दुपार गेली. शेवटी अक्षतानेच तोडगा काढला. अर्धा टाकायचा नाही, पुढच्या घावात ओढायचा. म्हणजे एकदा तीन, एकदा चार. हिंमतरावांना हे पसंत पडलं, पण त्यांनी आपले अर्धे लगेच वापरायचे नाहीत असं ठरवलं. ते साठवू लागले. पुढे एकदा राजवाड्याच्या दारावर पहारेकऱ्याने सर्जाला अडवलं, तेव्हा हिंमतरावांनी कुऱ्हाड उचललीच नाही. साठवलेले सगळे अर्धे त्यांनी एकदम त्याच्या अंगावर घातले. पहारेकरी नुसत्या थकबाकीने मेला. नियमात हे बसत नाही असं अभयला म्हणायचं होतं. पण नियम त्यानेच लिहिला होता आणि त्यात ते बसत होतं.

तेही एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत वेगळीच झाली. घाव आधीच ठाऊक असल्यामुळे लढायचं कारण कुणालाच उरलं नाही. एका पुलावर राक्षस आडवा आला. अभयने त्याच्या दातांचं वर्णन सुरू केलं, तर हिंमतराव मध्येच म्हणाले, ‘ह्यो चौथ्या घावाला मरतोय. त्याला बी ते ठाऊक आसंल की. मग उगं रगत कशाला सांडायचं? त्याला म्हणावं, बाजूला हो, मिटवून टाकू.’

‘राक्षस मिटवत नसतात, हिंमतराव.’

‘मी लई राक्षसांबरोबर मिटवलंय,’ हिंमतराव म्हणाले. खराडीत जमिनी विकलेल्या माणसाशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. राक्षस बाजूला झाला.

आणि मग आला आग ओकणारा, पंखांचा महानाग. अख्खा पावसाळा अभय या नागाची तयारी करत होता. त्याच्यासाठी त्याने डोंगराचा नकाशा काढला होता, नागाच्या तोंडी एक भाषण लिहिलं होतं आणि ते न्हाणीघरात पाठही केलं होतं. सोनालीने बाहेरून दोनदा ‘बरं आहे ना?’ विचारलं होतं. तो रविवार उजाडला. अभयने घसा साफ केला. तोवर अक्षताचं मोबाइलवर गणित मांडून झालं होतं.

‘पाचव्या घावाला सर्जा बेशुद्ध. सहाव्याला माझी आग आणि नाग संपला. एल्मिराकडे दोन जीव उरतात. ओके?’

‘ओके,’ हिंमतराव म्हणाले आणि त्यांनी वडा उचलला.

‘अहो, पण त्याचं भाषण आहे,’ अभय म्हणाला.

‘ग्रुपवर टाक ना. मी रात्री नक्की वाचते,’ अक्षता म्हणाली, आणि ती हे मनापासून म्हणाली, त्यामुळे ते जास्तच लागलं. वडे गार व्हायच्या आत महानाग मेला. सोनाली चटणी घेऊन आली तेव्हा अभय नकाशाची घडी घालत होता. तिने त्याच्या बशीत एक वडा जास्त ठेवला.

याच वेळी दारात कौशल्याताई उभ्या होत्या. कौशल्याताई सोसायटीच्या सचिव. त्या बराच वेळ बघत होत्या, आणि त्या बघू लागल्या की क्लबहाउसमधल्या खुर्च्यासुद्धा सरळ बसतात असं म्हणतात.

‘अभय, हा खेळ नाही,’ त्या म्हणाल्या. ‘खेळात कुणीतरी ओरडतं. कुणीतरी हरतं. इथे गणित आहे, नियमावर वाद आहे आणि वडे आहेत. ही सभा आहे. सभेला आठवडाभर आधी फलकावर सूचना लावावी लागते, विषयपत्रिकेसकट.’

‘ताई, यात राक्षस आहेत.’

‘आमच्या वार्षिक सभेतही असतात,’ कौशल्याताई म्हणाल्या आणि कुलूप शोधायला गेल्या.

तेव्हा अभयने फलकावर सूचना लावली. विषय पहिला: अर्ध्या घावाबाबत धोरण ठरविणे. विषय दुसरा: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. त्या आठवड्यात लिफ्टचा प्रवास त्याला फार लांब वाटला. अर्धा घाव म्हणजे मुका मार का, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने तुरटी लावायला सांगितली. प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ देऊ नका, आपसात बघा, असं एका सद्गृहस्थांनी त्याचा दंड दाबून सांगितलं आणि कुणाला लागलंय हे मात्र विचारलं नाही.

रविवारी सभा भरली. अभय, हिंमतराव, अक्षता, वडे घेऊन आलेली सोनाली आणि देखरेखीला कौशल्याताई. अभय पहिला विषय वाचणार एवढ्यात दार उघडलं आणि तात्याराव आत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ते टेबलाशी न येता मागच्या ओळीत बसले. फलकावर विषयपत्रिकेसकट सूचना लागली आणि निवृत्त सरकारी अधिकारी घरी बसला, असं अजून घडायचं आहे.

अभयने विषय वाचायला सुरुवात केली.

‘हरकतीचा मुद्दा,’ तात्याराव मागून म्हणाले. ‘विषयपत्रिका सदोष आहे.’

‘कशी काय?’

‘मागील सभेनंतर एखादा सभासद दिवंगत झाला असेल, तर पहिला विषय कोणता असतो?’

कौशल्याताईंनाच ठाऊक होतं आणि त्यांच्या तोंडून ते सवयीनेच निघालं. ‘दुखवट्याचा ठराव.’

‘तो कुठे आहे?’ तात्यारावांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. ‘खड्गसेन वर्षभर तुमच्याबरोबर होता. या अक्षताच्या चेटकिणीला त्याने विहिरीतून काढलं. तो पडला. त्याची तलवार लागलीच वाटून झाली, आणि सूत्रधार म्हणाले, चला, पुढे.’

अभयला एकदम सगळं दिसलं. त्या वेळी तो दाराचं वर्णन करत होता.

‘तात्याराव, मला वाटलं आपण फाशांवर रागावलात. मी हे सरासरीचं सगळं आपल्यासाठीच...’

‘फाशांबद्दल मी एक शब्द तरी बोललो का?’ तात्याराव म्हणाले. ‘मी धरणावर नोकरी केली आहे. पाऊस सरासरीने पडला असता तर मला पगार कशाला दिला असता कुणी? अहो, मरायला माझी हरकत नाही. माणूस मरतोच, आणि बहुतेक वेळा एखाद्या फालतू पिशाच्चाच्याच हातून. पण लोक फार लवकर चला पुढे म्हणतात. यमुना गेली तेव्हाही म्हणाले. तेव्हा मी गप्प बसलो.’

टेबलावरचे वडे कुणी उचलले नाहीत. मग हिंमतराव उठून उभे राहिले. ग्रामसभेत बोलायची सवय होती, त्यांनी दोन्ही हात मागे बांधले.

‘खड्गसेन आपला मानूस हुता,’ ते म्हणाले. ‘म्होरं जायचं म्हटलं की कायम पयला. सर्जा दोनदा त्याच्या पाठीमागं दडला, त्ये मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. तलवार मी मागितली, ते चुकलंच माझं. माती झाल्याबगर मानसाच्या वस्तूला हात लावू नी.’ एवढं बोलून ते बसले आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर तलवारीचं चित्र होतं. तो त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला.

‘काका, विहिरीचं मी विसरलेच होते. आय ॲम सो सॉरी,’ एवढंच अक्षता म्हणाली आणि चष्मा पुसू लागली.

अभयने ठराव मांडला. भाषण तयार नव्हतं, न्हाणीघरात पाठ केलेलं तर नव्हतंच. खड्गसेनने कुठे काय केलं ते त्याने आठवेल तसं सांगितलं, दोनदा अडखळला, आणि शेवटी म्हणाला, ‘तात्याराव, माझं चुकलं. जिना चढून आधीच सांगायला हवं होतं.’ मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. कौशल्याताईही उभ्या राहिल्या. मिनिटभराने त्या सोनालीकडे वाकून हळूच म्हणाल्या, ‘गेले ते कुठल्या विंगमधले?’

‘कुठल्याच नाही,’ सोनाली कुजबुजली.

‘मग मेंटेनन्सची थकबाकी बघायला नको,’ कौशल्याताई म्हणाल्या आणि उरलेला वेळ मान खाली घालून उभ्या राहिल्या.

ठराव एकमताने मंजूर झाला. अर्ध्या घावाचा विषय तहकूब झाला तो झालाच. तात्याराव मागच्या ओळीतून उठले, आपल्या जुन्या खुर्चीवर येऊन बसले आणि पेनाचं टोपण काढलं.

‘अध्यक्षांचं भाषण लांबलं,’ ते म्हणाले. ‘असो. हा चित्रसेन. खड्गसेनाचा धाकटा भाऊ. भावाचं वृत्त कळल्यावर गावाहून निघाला तो आज पोचतोय. आणि फासे काढा. सरासरीने लढणारी मंडळी बँकेत असतात.’

कौशल्याताई थोडा वेळ थांबल्या. टेबलावर पहिले फासे पडले, हिंमतराव ‘आरं तिच्या’ म्हणून खुर्चीतून उठले, आणि हा खेळ असल्याचं मान्य करून त्या निघून गेल्या.

चित्रसेन तडफदार होता, पण अजून कच्चा होता. दुसऱ्याच दारामागे एक भाला होता. अभयने फासे हातात घेतले. ते त्याने नको इतका वेळ खुळखुळवले. खेळ चालवून चालवून निबर झालेल्या सूत्रधाराला हे शोभण्यासारखं नव्हतं. त्याला एकदा वाटलं की फासे मुठीतच वाचावेत आणि काहीतरी मधलं सांगून मोकळं व्हावं. समोर तात्याराव चष्म्यावरून बघत होते. अभयने फासे सगळ्यांच्या देखत टेबलावर टाकले.

पडायचं तेवढं सगळं पडलं. चित्रसेनाच्या अंगात त्या घावाच्या निम्मासुद्धा जीव नव्हता.

अक्षताने मोबाइल पालथा ठेवला. हिंमतरावांनी खुर्ची मागे सारली आणि ते मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्यामागोमाग अक्षता उभी राहिली, अभय उभा राहिला, आणि चहाचा ट्रे घेऊन आत आलेली सोनाली ट्रे हातात घेऊन तशीच दारात उभी राहिली. तात्यारावांनी एकेकाकडे सावकाश पाहून घेतलं. मग तेही उठले. चहाची वाफ सोडली तर क्लबहाउसमध्ये काही हलत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ते खाली बसले.

‘बसा आता,’ तात्याराव म्हणाले. ‘थोरल्याला दोन मिनिटं दिली होती. धाकट्याला एक पुरे.’